उतारावर गाडी न्यूट्रल केली तर पेट्रोल वाचतं का? गिअर खाली कधी आणि कसा टाकायचा, ते समजून घ्या

गाडी शिकताना गिअर वर कसे न्यायचे, हे बहुतेकांना आठवड्याभरात जमतं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रस्ता मोकळा दिसला की पाचवा. पण पाचव्यातून तिसऱ्यात कधी यायचं, गतिरोधकावर दुसरा टाकायचा की तिसऱ्यातच गाडी रेटायची, घाटात गाडी कुठल्या गिअरमध्ये उतरवायची, हे फारसं कुणी समजावून सांगत नाही. मग जो तो आपापल्या अंदाजानं चालवतो. कुणी क्लच दाबून गाडी घरंगळत नेतो, कुणी उतार दिसला की सरळ न्यूट्रल करतो.

कायद्यानं मात्र हा विषय गांभीर्यानं घेतला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या पंधराव्या नियमात ड्रायव्हिंग टेस्टला काय काय तपासायचं याची यादी आहे. वाहतुकीची गरज असेल तेव्हा वरच्या गिअरमधून झटकन खालच्या गिअरमध्ये येता येणं आणि उतारावर जाताना चटकन खालचा गिअर टाकता येणं, या दोन्ही गोष्टी त्या यादीत वेगवेगळ्या लिहिलेल्या आहेत. चढावर गाडी थांबवून, मागे न जाऊ देता पुन्हा सुरू करणं हेही त्यातच येतं. म्हणजे हिंगोलीत 'एमएच ३८'ची पाटी लावलेली गाडी चालवणारा असो की मुंबईतला, ज्याच्या खिशात लायसन्स आहे त्याला हे यायला हवं, असं नियम म्हणतो.

हे कौशल्य रेसिंगवाल्यांचं नाही. ते रोजच्या रस्त्यावर लागतं आणि कधी कधी त्यावर जीव अवलंबून असतो. कसा, ते पाहू.

गिअर खाली टाकल्यावर गाडीत नेमकं काय होतं?

इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये गिअरबॉक्स असतो. इंजिनच्या किती फेऱ्यांना चाकाची एक फेरी, हे प्रमाण गिअर ठरवतो. खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त फिरतं आणि चाकाला जोर जास्त मिळतो. वरच्या गिअरमध्ये इंजिन कमी फिरतं, वेग मिळतो, पण जोर कमी असतो. सायकलला गिअर असतील तर चढावर जे कराल, तेच इथे.

पाच गिअरची छोटी पेट्रोल गाडी घ्या. ती ताशी ६० किलोमीटरनं चालली असेल तर कुठल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला किती फिरेल, म्हणजे आरपीएम किती असेल? गाडीनुसार आकडे थोडे बदलतात, पण अंदाज साधारण असा :

- पाचव्या गिअरमध्ये : सुमारे १,६००
- चौथ्यात : सुमारे २,०५०
- तिसऱ्यात : सुमारे २,८००
- दुसऱ्यात : सुमारे ४,१००
- पहिल्यात : ७,५०० च्या वर

वेग तोच, पण इंजिनची अवस्था पूर्ण वेगळी. पाचव्यात ते निवांत आहे. तुम्ही अॅक्सिलरेटर दाबला तरी उचल लगेच मिळणार नाही. तिसऱ्यात तेच इंजिन तयारीत उभं आहे. दुसऱ्यात ते ओरडायला लागेल. पहिल्यात तर बहुतेक पेट्रोल इंजिनांची सहा-साडेसहा हजारांची मर्यादाच ओलांडली जाईल. म्हणून वेगात असताना चुकून पहिला टाकून क्लच सोडला तर इंजिन आणि क्लच दोन्हींचं मोठं नुकसान होऊ शकतं. इंजिनला जास्त फेऱ्यांपासून वाचवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा इथे कामाला येत नाही. ती फक्त इंधन तोडू शकते. चाकंच इंजिनला फिरवत असतील तर ती काही करू शकत नाही.

या यादीतून दोन गोष्टी कळतात. खालचा गिअर टाकायचा तो पुढे जोर हवा म्हणून, किंवा इंजिननं गाडीला मागे धरून ठेवावं म्हणून. आणि तो टाकण्याआधी वेग त्या गिअरला शोभेल एवढा उतरलेला हवा.

आधी ब्रेक, मग गिअर

रोजच्या गाडी चालवण्यात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. समोर काही दिसलं की अनेक जण आधी क्लच दाबतात, मग ब्रेक. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांची गाठ सुटते. गाडी मोकळी धावायला लागते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

योग्य क्रम असा :

१. अॅक्सिलरेटरवरून पाय उचला. गिअर आहे तोच राहू द्या. गाडी आपोआप थोडी हळू होईल.
२. ब्रेक दाबून वेग हवा तेवढा खाली आणा.
३. आता क्लच पूर्ण दाबा आणि त्या वेगाला योग्य असलेला गिअर टाका.
४. क्लच सावकाश सोडा. पूर्ण सोडला की पाय बाजूला घ्या, पेडलवर ठेवू नका.
५. मग अॅक्सिलरेटर.

यात गिअर एक-एक करून उतरवलाच पाहिजे असं नाही. ताशी ७० वरून ब्रेक लावून २० वर आलात, तर पाचव्यातून थेट दुसऱ्यात येता येतं. मधले चौथा आणि तिसरा गाळले तरी गिअरबॉक्सचं काही बिघडत नाही. अट एकच, वेग आधी उतरलेला हवा.

कुठल्या वेगाला कुठला गिअर, याचा छोट्या पेट्रोल गाडीसाठी ढोबळ हिशेब : ताशी १० किलोमीटरपर्यंत पहिला, १० ते ३० दुसरा, २५ ते ५० तिसरा, ४० ते ७० चौथा, ६० च्या पुढे पाचवा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो. पण रोजच्या वापरात काट्यापेक्षा कान जास्त उपयोगी. अॅक्सिलरेटर दाबूनही गाडी उचल घेत नसेल, इंजिनचा आवाज जड, घुमल्यासारखा येत असेल, स्टिअरिंगला थरथर जाणवत असेल, तर इंजिन सांगतंय की गिअर खाली टाका. तसंच रेटत राहिलात तर इंजिनवर ताण येतो आणि पेट्रोलही वाचत नाही.

हिंगोलीच्या रस्त्यांवर हे कुठे कुठे लागतं?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. अकोल्याकडून वाशीम, हिंगोलीमार्गे नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ जिल्ह्याच्या मधून जातो. रुंद झालेल्या या महामार्गावर गाडी पाचव्या गिअरमध्ये घातली की बराच वेळ गिअरला हात लावावा लागत नाही. अडचण सुरू होते ती फाट्यावरून आत वळल्यावर. तिथे गतिरोधक आहेत, गुरं आहेत, ट्रॅक्टर आहेत, शाळेतून सुटलेली मुलं आहेत. पाय आणि हात मात्र अजून महामार्गाच्याच लयीत असतात.

*फाट्यावरचं वळण.* महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला लागताना वेग वळणाच्या आधीच उतरवा, दुसरा गिअर आधीच टाका, क्लच पूर्ण सोडा आणि मग वळा. वळणात क्लच दाबून ठेवलेली गाडी मोकळी धावते. ती बाहेरच्या बाजूला सरकायला लागली तर सावरायला इंजिनची मदत मिळत नाही. शिवाय गिअर बदलताना एक हात स्टिअरिंगवरून निघतो, आणि वळणात दोन्ही हात तिथेच हवेत.

*गतिरोधक.* पन्नास मीटर अलीकडून क्लच दाबून गाडी घरंगळत नेणं ही सार्वत्रिक सवय. त्याऐवजी गिअरमध्येच राहून ब्रेक लावा, वेग १५-२० वर आणा, दुसरा टाका, क्लच सोडा आणि गतिरोधक पार करा. पलीकडे गेल्या गेल्या गाडी उचल घ्यायला तयार असते. गतिरोधक फारच उंच असेल किंवा गाडी जवळपास थांबलीच असेल तर पहिला. चालत्या गाडीत पहिला टाकताना तो अडतोय असं वाटलं तर जोर लावू नका. वेग अजून जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ.

*ट्रॅक्टरला ओव्हरटेक.* उसाच्या हंगामात वसमतच्या पूर्णा कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर हळद घेऊन हिंगोली-वसमतच्या बाजाराकडे निघालेल्या ट्रॅक्टरमागे हा प्रसंग रोज येतो. अरुंद रस्ता, पुढे ट्रॉली, समोरून अधूनमधून एसटी.

इथे दोन वेगळ्या परिस्थिती ओळखायला हव्यात. तुम्ही ६० च्या वेगानं येताय आणि समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसतोय, तर पाचव्यातून तिसऱ्यात या. वरच्या यादीप्रमाणे इंजिन १,६०० वरून २,८०० वर येईल आणि चाकांना मिळणारा जोर दीडपटीहून जास्त होईल. पण तुम्ही काही वेळ ट्रॅक्टरमागे ताशी २०-२५ नं रांगत असाल तर तिसरा पुरणार नाही. दुसरा हवा. दुसऱ्यात गाडी साधारण ५०-५५ पर्यंत निर्धास्त खेचता येते. आवाज वाढतो, त्याला घाबरू नका, काही सेकंदांचाच प्रश्न असतो. ट्रॅक्टर मागे पडल्यावर तिसरा टाका.

दोन्ही बाबतींत गिअर आपल्या बाजूला असतानाच बदलायचा, उजवीकडे बाहेर पडल्यावर नाही. उलट दिशेच्या रस्त्यावर असताना गिअर शोधत बसणं म्हणजे समोरच्या एसटीला आणखी जवळ येऊ देणं. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. आणि खालच्या गिअरमध्येही समोरून येणाऱ्या वाहनाआधी ओव्हरटेक पुरा होईल याची खात्री नसेल तर मागेच थांबा. गिअरनं जोर मिळतो, रस्ता रुंद होत नाही.

*गर्दी.* श्रावणातल्या सोमवारी किंवा महाशिवरात्रीला औंढा नागनाथच्या मंदिराकडे जाणारा रस्ता असो, की हिंगोलीतली दसरा महोत्सवाची गर्दी, गाडी मुंगीच्या पावलानं चालते. तिथे पहिला आणि दुसरा एवढेच दोन गिअर कामाचे. दुसऱ्यात अर्धा क्लच धरून गाडी रेटत राहिलात तर क्लच प्लेट तापते, वास येतो आणि काही महिन्यांत गॅरेजचं बिल येतं. पुढे दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, पहिल्यात थोडं पुढे जा, थांबा. थांबल्यावर न्यूट्रल करा आणि क्लचवरून पाय काढा. न्यूट्रलची खरी जागा ही, थांबलेल्या गाडीत.

*चढ.* औंढ्याच्या आसपास डोंगराळ भाग आहे. चढ लागल्यावर गाडी दमेपर्यंत वाट पाहू नका. चढ सुरू होण्याच्या थोडं आधी, वेग असतानाच, चौथ्यातून तिसरा टाका. गाडी अर्ध्या चढावर मेल्यासारखी झाल्यावर गिअर बदलायला गेलात तर क्लच दाबलेल्या त्या क्षणभरात उरलासुरला वेगही जातो आणि मग एकदम पहिल्यावर यावं लागतं.

आता मुख्य प्रश्न : उतारावर न्यूट्रल

उतारावर गाडी न्यूट्रल केली, किंवा इंजिनच बंद केलं, तर तेल वाचतं, ही समजूत फार जुनी. कार्ब्युरेटरच्या काळात तिच्यात थोडं तथ्यही होतं. कार्ब्युरेटर इंजिनच्या ओढीवर पेट्रोल देत असे. त्यामुळे गाडी गिअरमध्ये असली की उतारावरही इंजिन पेट्रोल ओढत राहायचं.

आताच्या फ्युएल इंजेक्शन गाड्यांमध्ये इंधन किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, इंजिन पुरेसं फिरतंय आणि अॅक्सिलरेटरवर पाय नाही, हे दिसलं की तो इंजिनला जाणारं इंधन तोडतो. उताराच्या जोरावर चाकंच इंजिनला फिरवत असतात, त्यामुळे ते बंद पडत नाही. इंजिनच्या फेऱ्या बऱ्याच खाली आल्या की इंधन पुन्हा सुरू होतं. गंमत अशी, की न्यूट्रलमध्ये इंजिनला फिरवायला चाकं नसतात. ते चालू राहण्यासाठी त्याला इंधन द्यावंच लागतं. छोट्या पेट्रोल गाडीला नुसतं चालू राहायला तासाला साधारण अर्धा ते एक लिटर लागतं. म्हणजे घाट उतरताना न्यूट्रलवाला पेट्रोल जाळत असतो आणि गिअरवाल्याचं पेट्रोल बंद असतं.

अगदी हलक्या उतारावर न्यूट्रलमधली गाडी जास्त लांब घरंगळते, हे खरं आहे. पण त्यातून वाचले तर काही थेंब वाचतात. त्या बदल्यात गाडीवरचा ताबा ढिला होतो.

इंजिन बंद करणं तर त्याहून धोक्याचं. ब्रेक हलका लागावा म्हणून असणारी मदत इंजिन चालू असतानाच मिळते. इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं कडक होतं. स्टिअरिंग जड होतं. किल्ली बाहेर निघाली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

पुण्यातला नवले पूल हे नाव यासंदर्भात राज्यात सगळ्यांना माहीत आहे. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे महामार्गाचा लांबलचक उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका मालट्रकनं पुढच्या वाहनांना उडवलं आणि एकूण सुमारे ४८ वाहनांचं नुकसान झालं. चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासातून पुढे आल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. तिथे ट्रक होता, पण छोट्या गाडीलाही भौतिकशास्त्र तेच लागू होतं.

घाटात ब्रेक का जातात?

माणसांसकट १,२०० किलोची गाडी १०० मीटर उंचीवरून खाली येते, तेव्हा मधली सगळी ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. वेग वाढू द्यायचा नसेल तर तिची उष्णता होते. ही उष्णता किती? साधारण चार लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत नेण्याएवढी. थोडी हवेच्या विरोधात आणि टायरच्या घर्षणात जाते, पण घाटात वेग कमी असल्यामुळे बराचसा भार ब्रेकवर येतो. घाट जर ४०० मीटरचा असेल तर हा हिशेब चौपट.

सतत ब्रेक दाबून ठेवला की पॅड तापतात आणि त्यांची पकड कमी होते. जळका वास येतो तो त्याचाच. पुढची पायरी म्हणजे ब्रेक ऑइल उकळणं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि जुनं होत जाईल तसं कमी तापमानाला उकळतं. 'डॉट ३' प्रकारचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं. ओलावा धरलेलं तेच ऑइल १४० च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. तुम्ही पेडल दाबता तेव्हा बुडबुडे दाबले जातात, ब्रेक नाही. पाय थेट तळाला जातो. 'ब्रेक फेल झाले' असं जे म्हणतात, त्यातले अनेक प्रसंग असे घडतात. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलून घ्यावं.

खालचा गिअर इथे ब्रेकच्या मदतीला येतो. अॅक्सिलरेटर सोडलेला असताना इंजिन फिरवायला ताकद लागते. पेट्रोल इंजिनात हवेची वाट जवळपास बंद झालेली असते आणि पिस्टन त्याविरुद्ध हवा ओढत असतात. डिझेलची रचना वेगळी असते, पण तिथेही इंजिन फुकट फिरत नाही. ही ताकद चाकांकडून येते, म्हणून गाडी धरली जाते. गिअर जितका खालचा, तितकं इंजिन जास्त फिरतं आणि तितकी गाडी जास्त धरली जाते. यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात.

जुने ड्रायव्हर सांगतात, घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. साध्या गाडीसाठी हा आजही चांगला नियम आहे. हिंगोलीहून खानदेशाकडे जाताना कन्नडचा घाट असो, की पुण्या-मुंबईच्या वाटेवरचे घाट, उतार सुरू होण्याआधीच तिसरा किंवा दुसरा टाका. अॅक्सिलरेटर सोडा. वेग वाढतोय असं वाटलं की ब्रेक नीट दाबून वेग कमी करा आणि पुन्हा सोडा, म्हणजे पॅडना थंड व्हायला वेळ मिळेल. तरीही वारंवार ब्रेक लागत असेल तर वेग आणखी उतरवा आणि आणखी एक गिअर खाली जा.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. इंजिननं गाडी हळू होते तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागच्याला कळतच नाही की तुम्ही हळू होताय. मागे कुणी असेल तर ब्रेकला हलका पाय लावून दिवे दाखवा.

गाडीला हिसका का बसतो?

खालचा गिअर टाकून क्लच सोडला आणि गाडीनं मानेला झटका दिला, हे सगळ्यांनी अनुभवलं आहे. चौथ्यात २,००० नं फिरणाऱ्या इंजिनला तिसऱ्यात सुमारे २,७०० नं फिरावं लागतं. क्लच दाबल्यावर मात्र ते उलट मंदावतं. क्लच सोडताना हा फरक एकदम भरून निघतो, म्हणून हिसका.

उपाय दोन. सोपा उपाय म्हणजे क्लच सोडताना सुमारे एक सेकंद घ्या. दुसरा उपाय थोड्या सरावाचा. क्लच दाबलेला असताना, गिअर टाकता टाकता अॅक्सिलरेटरला एक हलका स्पर्श द्या, इंजिनचा आवाज थोडा चढू द्या आणि मग क्लच सोडा. आवाज जुळला तर गिअर बदलल्याचं मागे बसलेल्यांना कळणारही नाही.

जुन्या ट्रकवाल्यांची 'डबल क्लच'ची पद्धत याचीच थोरली बहीण. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. गिअरबॉक्सच्या आतल्या दातऱ्यांचा वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश यंत्रणा १९२८ मध्ये कॅडिलॅक या अमेरिकी गाडीत पहिल्यांदा आली. ज्या वाहनांत ती नव्हती तिथे हे काम ड्रायव्हरच्या पायांना करावं लागे. आजच्या कारमध्ये डबल क्लचची गरज नाही. रेसिंगमधली, एकाच पायानं ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दाबण्याची पद्धतही रोजच्या रस्त्याला लागत नाही.

पावसाळा आणि काळी माती

मराठवाड्यातल्या रस्त्यांचं एक वैशिष्ट्य म्हणजे पावसात शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येणारी काळी माती. ती ओली झाली की रस्ता साबण लावल्यासारखा होतो. अशा ठिकाणी खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला तर चाकं एकदम मंदावतात आणि घसरतात.

इथे एबीएसवर भिस्त ठेवू नका. एप्रिल २०१९ पासून नव्या कारमध्ये एबीएस सक्तीचं झालं, पण ते ब्रेकमुळे अडकलेलं चाक सोडवतं. इंजिननं धरलेलं चाक ते सोडवू शकत नाही. तसं झालं तर क्लच लगेच दाबा, चाकं पुन्हा मोकळी फिरतील. मुळात चिखल दिसला की त्याच्या अलीकडे, कोरड्या रस्त्यावरच वेग उतरवून गिअर बदलून घ्या.

गिअरच्या भानगडीत कधी पडू नये?

अचानक कुणी आडवं आलं, तर गिअरचा विचार करू नका. ब्रेक आणि क्लच दोन्ही पूर्ण दाबा आणि गाडी थांबवा. त्या क्षणी गिअर उतरवण्यात घालवलेला वेळ वाया जातो.

याउलट ब्रेकच लागत नसेल तर गिअर हाच मोठा आधार असतो. घाबरून इंजिन बंद करू नका, न्यूट्रल करू नका. ब्रेकचं पेडल भराभर पंपासारखं दाबत राहा, कधी कधी थोडा दाब परत येतो. चौथ्यातून तिसरा, वेग उतरला की दुसरा, असं पायरीपायरीनं खाली या. हँडब्रेक एकदम खेचू नका. बटण दाबून धरून हळूहळू वर घ्या. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू ठेवा, आणि चढ, मोकळं रान किंवा मऊ मातीची कड दिसली तर गाडी तिकडे न्या.

ज्यांच्या गाडीत क्लचच नाही त्यांचं काय?

एएमटी किंवा ऑटोमॅटिक गाडी असली तरी घाटाचा नियम सुटत नाही. बहुतेक गाड्यांत मॅन्युअल मोड, 'एल' किंवा '२' असा पर्याय असतो. उतारावर तो वापरा. 'डी' मध्ये गाडी उतारावर वरचा गिअर निवडू शकते, आणि मग सगळा भार पुन्हा ब्रेकवर.

सराव कसा करायचा?

हे वाचून नाही, करून येतं. सकाळी मोकळ्या, सरळ आणि कोरड्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना सुरुवात करा.

- पहिले दोन दिवस फक्त एक गोष्ट : गाडी हळू करताना क्लच सगळ्यात शेवटी दाबायचा.
- पुढचे दोन दिवस : ताशी ५० वरून ब्रेक लावून २० वर या आणि थेट दुसरा टाका. मान हलली नाही तर जमलं.
- मग तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना अॅक्सिलरेटरचा हलका स्पर्श देऊन पाहा.
- गिअरच्या दांडीकडे न बघता गिअर टाकता येईपर्यंत बंद गाडीत, क्लच दाबून, हाताला सवय करा.
- शेवटी एखादा छोटा उतार निवडा. एकदा चौथ्यात आणि एकदा तिसऱ्यात उतरा. ब्रेक किती वेळा लागला ते मोजा.

हा शेवटचा प्रयोग घरातल्या मोठ्यांना शेजारच्या सीटवर बसवून केला तर आणखी चांगलं. उतारावर न्यूट्रल करायचा सल्ला बहुतेक घरांत तिथूनच आलेला असतो, आणि तिसऱ्यात उतरताना ब्रेक किती कमी लागला हे डोळ्यांनी पाहिल्यावर वेगळं काही समजावावं लागत नाही.